बंद पेटीतली वीज

पनवेलजवळच्या करंजाडे वसाहतीत राहणारे आमचे एक वाचक माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतात आणि फावल्या वेळात हौशी रेडिओ केंद्र चालवतात. इमारतीच्या गच्चीवर त्यांचा तारेचा अँटेना आहे. घरातल्या एका खोलीत बसून ते देशोदेशीच्या हौशी मंडळींशी बोलतात. या छंदासाठी सरकारी परीक्षा देऊन परवाना मिळवावा लागतो, तो त्यांच्याकडे आहे. गेल्या पावसाळ्यात त्यांनी निर्वात नळ्यांचा एक वर्धक, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर, बांधायला घेतला आणि प्रथम त्याचा वीजपुरवठा तयार केला. शनिवारी चाचणी झाली. सरांनी बटण बंद केले, प्लग भिंतीतून उपसला आणि ते जेवायला गेले. तासाभराने परतल्यावर एक स्क्रू आवळायला घेतला, तर पेचकस घसरला आणि बंदुकीसारखा बार झाला. पेचकसाचे टोक वितळून गेले होते. हात लाकडी मुठीवर होता म्हणून बचावला. दुसऱ्या दिवशी नववीतली सहा मुले ही पेटी पाहायला यायची होती.

“प्लग काढून तास झाला होता, मग ही वीज आली कोठून आणि माझे चुकले कोठे?” असे त्यांनी आम्हाला विचारले. पहिल्या प्रश्नाचे उत्तर एका शब्दाचे आहे: कपॅसिटर. पाठ्यपुस्तके त्याला धारित्र म्हणतात. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर जरा लांबचे आहे. त्यात नववी-दहावीच्या भौतिकशास्त्राचा बराच भाग येऊन जातो, म्हणून ते सर्वांसमोर मांडत आहोत.

हजारो व्होल्ट कशासाठी?

आज खिशातला रेडिओ दोन सेलवर चालतो. मग हौशी रेडिओला दोन-अडीच हजार व्होल्ट कशाला हवेत? कारण निर्वात नळीत इलेक्ट्रॉनांना तापलेल्या ऋणाग्रापासून धनाग्रापर्यंत पोकळीतून ओढून न्यावे लागते. प्रवाह थोडा आणि व्होल्टता मोठी, हा नळ्यांचा स्वभाव आहे. ट्रान्झिस्टर त्याच्या उलट. १९४२ साली उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी मुंबईत भूमिगत काँग्रेस रेडिओ चालवला, तेव्हाचे प्रक्षेपक नळ्यांचेच होते, कारण ट्रान्झिस्टरचा शोध १९४७ चा. आता छोटी यंत्रे अर्धवाहकांची झाली असली, तरी काही शे वॅटचा वर्धक स्वतः बांधायचा तर अनेक हौशी अजून नळीकडेच वळतात. नळी थोडीफार चूक सोसते, ट्रान्झिस्टर ती सोसत नाही. बांधणाऱ्याच्या चुकीला मात्र तिचा वीजपुरवठा क्षमा करत नाही. जानेवारी २००१ मध्ये भूजच्या भूकंपानंतर दूरध्वनी कोलमडले, तेव्हा हौशी रेडिओवाल्यांनी निरोप पोहोचवले. तेव्हा हा छंद निव्वळ करमणुकीचा आहे असे कोणी समजू नये.

सरांच्या पुरवठ्याची रचना सरळ आहे. घरातली २३० व्होल्टची प्रत्यावर्ती वीज रोहित्रातून १७०० व्होल्ट होते, डायोड तिला एकाच दिशेने वाहायला लावतात आणि येणारी ढेकळाढेकळांची व्होल्टता कपॅसिटर सपाट करतात. सेकंदाला शंभर वेळा शिखर येते. शिखर आले की कपॅसिटर भरतो आणि दोन शिखरांच्या मधल्या दरीत तो नळ्यांना वीज पुरवतो. नळाला दिवसातून एकदा पाणी येणाऱ्या घरात गच्चीवरची टाकी करते, तेच हे काम.

सतराशे म्हणजे किती?

पहिली चूक या आकड्यातच दडली होती. मुलांना विचारले तर तीही हीच करतील. १७०० व्होल्ट हे वर्गमाध्य मूल्य आहे. कपॅसिटर भरतो तो शिखराइतका, म्हणजे त्याच्या १.४१४ पट: २४०४ व्होल्ट. एवढ्यावरही थांबता येत नाही. रात्री आसपासचा विजेचा वापर उतरला की घरातली व्होल्टता चढते. सरांनी रात्री मोजलेला आकडा २५० होता. त्या हिशेबाने शिखर २६१३ व्होल्टवर जाते. नळ्या प्रवाह ओढत असताना व्होल्टता खाली बसते हे खरे, पण बोलणारा श्वास घ्यायला थांबला की ती पुन्हा वर येते. कपॅसिटर निवडायचा तो या सर्वांत वाईट क्षणासाठी.

सरांनी ४५० व्होल्टचे सहा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकापुढे एक, म्हणजे एकसरीत, जोडले होते. सहा गुणिले ४५० म्हणजे २७००. कागदावर २६१३ पेक्षा २७०० जास्त आहेत, मग बिघडले कोठे? बिघडले असे की, सहाही भावांत वाटणी अगदी समसमान झाली तरच हा हिशेब जमतो. आणि कपॅसिटर समसमान वाटणी करत नाहीत.

वाटणी कोण करते?

येथे वर्गात जरूर करावा असा एक प्रयोग आहे. त्याला ९ व्होल्टची बॅटरी पुरते, धोका काहीच नाही. २५ व्होल्टचे दोन कपॅसिटर घ्या, एक १०० मायक्रोफॅरडचा आणि दुसरा २२० चा. धन-ऋण टोके पाहून ते एकसरीत जोडा आणि बॅटरी लावण्यापूर्वीच मुलांना विचारा, कोणावर जास्त व्होल्ट येतील? बहुतेक हात मोठ्याच्या बाजूने वर जातात. मग डिजिटल मापकाने मोजा. लहानावर सुमारे ६.२ व्होल्ट आणि मोठ्यावर २.८ व्होल्ट दिसतील. कपॅसिटरवर छापलेल्या किमतीत वीस टक्के इकडेतिकडे चालते, त्यामुळे आकडे थोडे हलतील, पण निकाल बदलत नाही. एकसरीत दोघांतून तेवढाच विद्युतभार जातो आणि तेवढ्याच पाण्याने अरुंद भांडे जास्त उंच भरते.

आता बॅटरी तशीच लावून ठेवा आणि दहा मिनिटांनी पुन्हा मोजा. आकडे सरकलेले दिसतील. कपॅसिटरच्या आतला विद्युतरोधक थर परिपूर्ण नसतो. त्यातून बारीक प्रवाह सतत गळत असतो आणि दोघांची गळती सारखी नसते. जास्त गळणारा आपले व्होल्ट कमी गळणाऱ्याच्या अंगावर ढकलतो. म्हणजे बटण दाबल्याच्या क्षणी वाटणी धारकतेने होते आणि नंतर हळूहळू ती गळतीच्या हाती जाते.

तिसरी पायरी: प्रत्येक कपॅसिटरला समांतर १०० किलोओहमचा एकेक रोधक जोडा. मिनिटाभरात दोन्हींवर साडेचार-साडेचार व्होल्ट येऊन स्थिरावतील. रोधकांतून वाहणारा प्रवाह गळतीपेक्षा बराच मोठा असल्याने आता वाटणी रोधकच ठरवतात. हे दोन पैशांचे रोधक सरांच्या पेटीत नव्हते.

त्यांचे काम दुहेरी असते. वीज चालू असताना ते वाटणी सांभाळतात आणि ती बंद झाली की कपॅसिटर रिकामे करतात. ते नसतील तर कपॅसिटर केवळ गळतीने रिकामा होतो, आणि चांगल्या प्रतीच्या कपॅसिटरची गळती इतकी कमी असते की त्याला कित्येक तास लागतात. कपॅसिटर जितका उत्तम तितका तो बंद पेटीत जास्त वेळ जागा राहतो.

आठ भावंडांचा हिशेब

सरांना आम्ही सुचवले ते असे. ४५० व्होल्टचे सहाऐवजी आठ कपॅसिटर घ्यावेत, सगळे एकाच उत्पादकाचे, एकाच वेळी तयार झालेले. २६१३ ला आठने भागले की प्रत्येकावर ३२७ व्होल्ट येतात, म्हणजे छापील मर्यादेच्या सुमारे ७३ टक्के. उरलेले २७ टक्के ही उधळपट्टी नव्हे. समजा आठातला एक वीस टक्क्यांनी लहान निघाला आणि बाकीचे सात बरोबर आहेत. बटण दाबताच त्या एकट्यावर ३९६ व्होल्ट येतात, तरी तो तगतो. पण तोच वीस टक्क्यांनी लहान आणि बाकीचे सातही वीस टक्क्यांनी मोठे असतील, तर त्याच्यावर ४६१ व्होल्ट पडतील. आठ घेऊनही मर्यादा ओलांडली गेली! म्हणूनच वेगवेगळ्या पुड्यांतले कपॅसिटर एकत्र करू नयेत आणि जोडण्याआधी प्रत्येकाची धारकता मोजून घ्यावी.

प्रत्येकी किती मायक्रोफॅरड घ्यावेत, हा खरा चर्चेचा मुद्दा आहे. सरांचा कल ४७० कडे होता, जितके जास्त तितके सपाट या न्यायाने. ४७० चे आठ एकसरीत म्हणजे एकूण ५८.७५ मायक्रोफॅरड. साठवलेली ऊर्जा धारकता गुणिले व्होल्टतेचा वर्ग याच्या निम्मी असते, ती येथे भरते सुमारे २०० ज्यूल. २२० चे आठ घेतले तर एकूण २७.५ मायक्रोफॅरड आणि ऊर्जा ९४ ज्यूल. त्यात नळ्या सतत अर्धा अँपिअर ओढत असल्या, तर व्होल्टतेतली लहर शिखरापासून दरीपर्यंत जास्तीत जास्त १८० व्होल्टच्या आसपास येते. तिचे वर्गमाध्य मूल्य ५२ व्होल्ट, म्हणजे दोन-सव्वादोन टक्के. माणसाच्या बोलण्यासाठी एवढे पुरेसे सपाट आहे. मग लागत नसलेले शंभर ज्यूल घरात कशाला पाळायचे? आमचे मत २२० चे आहे. ४७० घेणारे अनुभवी हौशीही आहेत आणि त्यांची कारणे त्यांच्यापाशी आहेत, पण पहिली पेटी बांधणाऱ्याने तो मोह टाळावा.

९४ ज्यूल ऐकायला काहीच वाटत नाहीत. साठ वॅटचा दिवा तेवढ्यात दीड सेकंद जळेल. दहा किलो तांदळाची पिशवी जेमतेम एक मीटर वर उचलली जाईल. पण वेळ किती लागतो ते पाहा. शरीराचा रोध ढोबळमानाने १००० ओहम धरला, तर सुरुवातीचा प्रवाह अडीच अँपिअरच्या वर जातो आणि बहुतेक ऊर्जा सेकंदाच्या दहाव्या भागात शरीरात रिकामी होते. भरकटलेल्या हृदयाच्या लयीला ताळ्यावर आणण्यासाठी रुग्णालयात जो विजेचा धक्का देतात, तो साधारण १२० ते २०० ज्यूलचा असतो. तेथे डॉक्टर असतात आणि हृदय आधीच बिघडलेले असते. नीट चालणाऱ्या हृदयाला तोच धक्का बिघडवू शकतो. उच्च व्होल्टतेवर साठवलेले दहा ज्यूलही धोक्याचे समजतात.

आता रोधक. प्रत्येक कपॅसिटरवर १०० किलोओहम. ३२७ व्होल्टला त्यातून ३.३ मिलिअँपिअर वाहतात, तर या आकाराच्या कपॅसिटरची मान्य कमाल गळती साधारण एक मिलिअँपिअरच्या आतबाहेर असते. वाटणीवर ताबा ठेवायला एवढे पुरते. प्रत्येक रोधकात १.०७ वॅट उष्णता होते, म्हणून तो तीन वॅटचा घ्यावा. आणखी एक गोष्ट जाणकारही विसरतात: रोधकालाही व्होल्टतेची मर्यादा असते. पाव वॅटच्या साध्या रोधकाची ती २५० व्होल्टच्या आसपास असते, वॅटचा हिशेब कितीही जुळो. येथे ५०० व्होल्टचा मेटल ऑक्साइड रोधक हवा.

कपॅसिटर रिकामा होतानाचा वेग हा घातांकी क्षयाचा उत्तम नमुना आहे. १०० किलोओहम गुणिले २२० मायक्रोफॅरड म्हणजे २२ सेकंद. दर २२ सेकंदांनी व्होल्टता आधीच्या ३७ टक्क्यांवर उतरते: २६१३ वरून ९६१, मग ३५४, मग १३०, आणि ८८ व्या सेकंदाला ४८. दीड मिनिट. सरांनी पेटीच्या झाकणावर “बंद केल्यावर पाच मिनिटे थांबा” अशी पट्टी लावली आहे, ती योग्यच आहे.

मात्र त्या पट्टीवर विसंबूनही चालत नाही, कारण रोधकही मरतो. आठांपैकी एक रोधक आतून तुटला, तर बाकीच्या सात रोधकांतून येणाऱ्या प्रवाहाला त्या ठिकाणी वाट उरत नाही. तो प्रवाह त्या एकट्या कपॅसिटरला भरत राहतो आणि त्याची व्होल्टता मर्यादेपलीकडे चढून तो फुटू शकतो. वीज वेळीच बंद केली, तर बाकीचे सात रिकामे होतात आणि हा एक तेवढा भरलेला राहतो. सरांनी यावर तोड काढली की, दुप्पट किमतीचे दोन-दोन रोधक समांतर लावू, एक गेला तर दुसरा आहे. कल्पना चांगली, पण हिशेब करून पाहिला. एक गेला की त्या जागचा रोध दुप्पट होतो, वाटणीत त्याचा हिस्सा नवात दोन होतो आणि कपॅसिटरवर ५८० व्होल्ट येऊ पाहतात. रिकामे होण्याची सोय टिकते, वाटणी मात्र बिघडते. तेव्हा उपाय एकच: दर सहा महिन्यांनी पेटी पूर्ण रिकामी करून आठही रोधक मापकाने तपासणे.

डबा, धूळ आणि दमट हवा

इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा अ‍ॅल्युमिनियमचा डबा आतल्या द्रवामार्फत ऋण टोकाशी कमी-अधिक जोडलेला असतो. एकसरीतल्या सर्वांत वरच्या कपॅसिटरचे ऋण टोकच जमिनीच्या मानाने २२८६ व्होल्टवर असते, म्हणजे त्याचा डबाही तेवढ्यावर! वरचे रंगीत प्लास्टिकचे वेष्टन नाव छापण्यासाठी असते, त्याच्यावर जीव टाकू नये. धातूच्या पट्ट्याने हे डबे लोखंडी सांगाड्याला आवळणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. ते जाड काच-तंतूच्या किंवा अ‍ॅक्रिलिकच्या पाट्यावर, एकमेकांत अंतर सोडून बसवावेत. डब्याच्या डोक्यावर जी फुलीसारखी खूण असते, ती दाब वाढल्यास फाटण्यासाठी केलेली कमजोर जागा आहे. तिच्यावर काही टेकवू नये आणि तिच्यावर वाकून पाहू नये.

करंजाड्याला याहून वेगळी एक अडचण आहे. खाडी जवळ, पावसाळ्यात हवा ओलीचिंब, आणि नव्या वसाहतींत बांधकामाची धूळ कायमची. पाट्यावर साचलेली धूळ ओली झाली की तिच्यातून वीज सरपटते आणि काळी रेघ उमटते. पंख्याने हवा खेळवायलाच हवी, कारण उष्णता हा या कपॅसिटरचा मोठा शत्रू आहे. तापमान दहा अंशांनी उतरले की आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होते. १०५ अंशांना २००० तास टिकणारा कपॅसिटर ६५ अंशांना ३२,००० तास टिकेल, तर ८५ अंशांचा त्याच प्रतीचा कपॅसिटर ८००० तास. थोडे जास्त पैसे देऊन १०५ चाच घ्यावा. पंख्याच्या तोंडाला जाळी लावावी आणि पाटा दर पावसाळ्याआधी पुसावा, अर्थात पेटी रिकामी करून.

जुन्या बाजारातला माल

पनवेलहून लोकलने मुंबई गाठून लॅमिंग्टन रोडला, म्हणजे आजच्या डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गाला, गेले की नवा माल मिळतो. पण सरांचे सहा कपॅसिटर एका भंगारवाल्याकडचे होते. वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा ऑक्साइडचा थर झिजतो. त्याला एकदम पूर्ण व्होल्टता दिली तर गळती वाढून तो तापतो. मोठ्या रोधकातून, हळूहळू, तासन्‌तास व्होल्टता चढवत नेली तर थर पुन्हा तयार होतो. तरीही जुना कपॅसिटर नव्याची बरोबरी करत नाही.

पंख्याच्या वा पाण्याच्या पंपाच्या कपॅसिटरवर ‘४४० व्होल्ट’ असते, ते पाहून काहीजण तोच लावतात. ती प्रत्यावर्ती विजेसाठीची मर्यादा आहे आणि धारकताही या कामाला तोकडी. मायक्रोवेव्ह भट्टीतला कपॅसिटर २१०० व्होल्टचा असला तरी जेमतेम एक मायक्रोफॅरडचा असतो. तेलाने भरलेले जुने लष्करी वा कारखान्यातले कपॅसिटर फार दणकट असतात, पण त्यांतल्या अनेकांच्या तेलात पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल ही चिवट विषारी रसायने असतात. त्यांच्यावर २००१ च्या स्टॉकहोम करारान्वये बंधने आली आणि भारताने तो करार २००६ साली स्वीकारला. असे रसायन नाही अशी स्पष्ट नोंद डब्यावर नसेल, तर तो उघडू नये आणि घरीही आणू नये.

खिशाला परवडत असेल तर पॉलिप्रॉपिलीनच्या पापुद्र्याचे कपॅसिटर उत्तम. सौरऊर्जेच्या यंत्रांमुळे ते आता सहज मिळतात. ११०० व्होल्ट, १०० मायक्रोफॅरडचे तीन एकसरीत लावले की ३३ मायक्रोफॅरड मिळतात आणि प्रत्येकावर ८७१ व्होल्ट येतात. आत द्रव नाही, सुकणे नाही, लहानसा छेद पडला तर तो आपोआप भरून निघतो. जागा जास्त लागते एवढेच. समांतर रोधक मात्र त्यांनाही हवेतच.

काठी

शेवटी पेटी उघडण्याची रीत. प्लग काढायचा, पाच मिनिटे थांबायचे आणि मग काठी वापरायची. कोरड्या पीव्हीसी नळीच्या टोकाला तांब्याचा आकडा, त्यामागे एकसरीत २.२ किलोओहमचे वीस वॅटचे पाच तारेचे रोधक आणि तेथून जाड तार पेटीच्या सांगाड्याला पक्की बांधलेली. बांबू नको, पावसाळ्यात तो ओल धरतो. आकडा आधी धन टोकाला लावायचा. रोधक आठच्या आठ जागी ठीक असले तरी लावायचा. पेटी भरलेली असलीच तरी दीड-दोन सेकंदांत स्फोटाविना रिकामी होते. पण वर सांगितलेला एखादा तुटक्या रोधकाचा कपॅसिटर आतल्या आत भरलेला असू शकतो, म्हणून नंतर प्रत्येक कपॅसिटरची दोन्ही टोके रोधकातून वेगळी जोडून पाहायची, मापकावर शून्य पाहायचे. एक हात पाठीमागे.

एवढे करूनही आकडा काढून घ्यायचा नाही. रिकामा केलेला कपॅसिटर थोड्या वेळाने आपोआप पुन्हा काही व्होल्ट दाखवू लागतो. विद्युतरोधक थरात मुरलेला भार सावकाश वर येतो. इलेक्ट्रोलिटिकमध्ये हे प्रमाण मूळ व्होल्टतेच्या दहा टक्क्यांपर्यंत जाऊ शकते. २६१३ चे दहा टक्के म्हणजे २६१, घरच्या विजेहून जास्त. काम संपेपर्यंत आकडा तेथेच लटकत राहिला पाहिजे. वर्गातल्या नऊ व्होल्टच्या कपॅसिटरवरही हे दाखवता येते: दोन सेकंद टोके जुळवा, सोडा आणि मापकाकडे पाहत राहा.

सरांनी पेटी नव्याने बांधली आहे. झाकण उचलताच प्राथमिक बाजूची वीज तोडणारा स्विच त्यांनी स्वतःहून बसवला. काठीसाठी पेटीच्या बाजूला खुंटीही ठोकली आहे. मुले नंतरच्या रविवारी आली. त्यांना पेटी झाकण लावूनच दाखवली आणि तासभर नऊ व्होल्टचे प्रयोग झाले. मोठ्या कपॅसिटरवर जास्त व्होल्ट येतील असे सहापैकी पाच जणांनी सांगितले होते.